झाडं लावा, पण पाणी गढूळ करू नका



'जलप्रदूषण' हा विषय आपल्या पुस्तकात तिसरी-चौथीपासून येतो. वर्गात मी जेव्हा जेव्हा विचारतो, "मुलांनो, पाणी कशाने घाण होतं?", तेव्हा सगळी मुलं एका सुरात सांगतात, "सर, कारखान्यांमुळे!" थोडा वेळ थांबलं की मग सांडपाणी, प्लास्टिक, निर्माल्य अशी उत्तरं येतात. जंगल किंवा डोंगर हे उत्तर मात्र मला आजपर्यंत एकाही मुलाने दिलेलं नाही. उलट, "प्रदूषण थांबवायला काय करावं?" याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं : झाडे लावा!

मुलांची यात चूक नाही. आपण अंबरनाथचे लोक. ज्या वालधुनीच्या काठावर इ. स. १०६० चं शिवमंदिर उभं आहे, त्याच वालधुनीचं काळं, फेसाळ पाणी बघत ही मुलं मोठी झाली आहेत. २०१४ मध्ये वालधुनीत सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात विषारी वायू पसरला आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं, हेही त्यांनी घरात ऐकलेलं असतं. त्यामुळे प्रदूषण म्हणजे कारखाना हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

पण आज मला तुम्हाला दुसरी बाजू सांगायची आहे. जंगलात आणि डोंगरावर होणारं काम, म्हणजे झाडांची तोड, लाकूड आणायचे रस्ते, इतकंच काय पण वृक्षारोपणसुद्धा, नीट केलं नाही तर पाणी घाण करतं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

आमच्या वृक्षारोपणाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक आणि मोठ्या वर्गांतली मुलं मिळून जवळच्या एका टेकडीवर झाडं लावायला गेलो होतो. उत्साह दांडगा होता. खड्डे हाताने काढायला वेळ लागेल म्हणून कोणीतरी जेसीबी मिळवून दिला. जेसीबी वर चढायला वाट हवी, म्हणून टेकडीच्या पोटातून सरळ उभा रस्ता काढला. रोपांना त्रास नको म्हणून सगळं गवत आणि झुडपं साफ केली. ओहोळाच्या काठाला माती मऊ आणि ओली असते म्हणून तिथे तर दाटीने खड्डे घेतले. रोपं लावली, फोटो काढले, वडापाव खाल्ला आणि घरी आलो.

दोन आठवड्यांनी, जुलैच्या मुसळधार पावसानंतर, रोपं बघायला आम्ही पुन्हा गेलो. टेकडीखालच्या पाड्यावरच्या एक वयस्कर मावशी वाटेतच भेटल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, झाडं लावली ती बरी केली. पण आमचा ओहोळ बघितला का?"

मी बघितला. ओहोळ लाल मातीने भरून वाहत होता. आम्ही काढलेला जेसीबीचा रस्ता आता रस्ता राहिला नव्हता, त्याचा नाला झाला होता. काठावरची निम्मी रोपं मातीसकट वाहून गेली होती. आणि रोपांच्या काळ्या पिशव्या, ज्या आम्ही तिथेच टाकून आलो होतो, त्या खाली दगडांत अडकून पडल्या होत्या. त्या पाड्यावरच्या बायका भांडी आणि कपडे त्याच ओहोळावर धूत, आणि पावसाळ्यात प्यायलाही तेच पाणी गाळून वापरत. आमच्या 'पर्यावरण दिना'ची किंमत त्यांनी मोजली.

मावशी भांडल्या नाहीत. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

माती म्हणजे प्रदूषण कसं?

तुम्ही म्हणाल, "सर, माती तर निसर्गाचीच आहे. ती पाण्यात गेली तर प्रदूषण कसलं?" हा प्रश्न मलाही पडला होता.

आपल्या देशात जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ साली झाला. त्यात प्रदूषणाची व्याख्या कारखान्यापुरती ठेवलेली नाही. पाण्याचे भौतिक, रासायनिक किंवा जैविक गुणधर्म बिघडतील आणि ते आरोग्याला, वापराला किंवा जलचरांना घातक ठरेल, असं काहीही पाण्यात जाणं म्हणजे प्रदूषण. मग ते द्रव असो, वायू असो की घन पदार्थ. गढूळपणा हा पाण्याचा भौतिक गुणधर्म आहे. म्हणजे आपल्या कामामुळे ओढ्यात गेलेला गाळ हेही प्रदूषणच!

आता गाळाने नेमकं काय बिघडतं ते पाहू.

पहिली गोष्ट, पाणी शुद्ध करणं अवघड होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे गढूळपणा १ एककापर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त ५ एककांपर्यंत चालतो. गढूळ पाण्यात रोगजंतू मातीच्या कणांच्या आड लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. गाळ खाली बसवायला तुरटी जास्त लागते, खर्च वाढतो.

दुसरी गोष्ट, धरणं आणि तळी गाळाने भरतात. जेवढा गाळ, तेवढं पाणी कमी.

तिसरी गोष्ट, मासे. काही माशांची अंडी ओढ्यातल्या खडी-गोट्यांच्या फटींत असतात. बारीक गाळ त्या फटी बुजवतो, मग अंड्यांना प्राणवायू मिळत नाही.

बुवापाड्याचा याच्याशी काय संबंध?

मी बुवापाड्यात राहतो. इथे डोंगर खिडकीतून दिसतो तेवढाच, जंगल नाही. मग आपण हा विषय का बोलायचा?

कारण आपलं पाणी डोंगरावरून येतं. अंबरनाथ-बदलापूरला उल्हास नदीचं, बारवी धरणाचं आणि चिखलोली धरणाचं पाणी मिळतं. उल्हास राजमाचीच्या परिसरातल्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळकडून बदलापूरला येते. बारवीच्या भोवती तर जंगलच आहे. वालधुनीसुद्धा काळी होण्याआधी काकोळेच्या बाजूच्या डोंगरातून स्वच्छच येते. तिथे रेल्वेने बांधलेला जीआयपी तलाव आजही आहे.

पहिल्या मोठ्या पावसात नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं की आपल्या चाळीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नळाला फडकं बांधायचं, तुरटी फिरवायची, लहान मुलांसाठी पाणी उकळायचं. ज्यांच्या घरी गॅस महिनाअखेरीला पुरवून वापरावा लागतो, त्यांना रोज पाणी उकळणं परवडत नाही. मग वर्गात हजेरी घेताना चार नावांपुढे 'गैरहजर – पोट बिघडलं' असं लिहावं लागतं. त्यामागे कधी गळकी पाइपलाइन असते, कधी दुसरं काही. सगळा दोष डोंगराचा नाही. पण नदीत जेवढा गाळ कमी येईल तेवढं शुद्धीकरणाचं काम सोपं होईल, यात शंका नाही.

शिवाय आपल्याकडे पाऊस किती? वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत! एवढा पाऊस उघड्या मातीवर पडला तर ती जागेवर कशी राहील?

जंगलातल्या कोणत्या कामाने पाणी बिघडतं?

रस्ते : गाळाचं सगळ्यात मोठं कारण झाड तोडणं हे नसून लाकूड ओढून नेण्यासाठी काढलेले कच्चे रस्ते हे असतं. छोटासा हिशोब करू. ३ मीटर रुंद आणि १ किलोमीटर लांब रस्ता म्हणजे ३००० चौरस मीटर उघडी जमीन. तिच्यावरची फक्त १ सेंटिमीटर माती वाहून गेली तर ३० घनमीटर माती झाली. एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत ३ घनमीटर माती धरली तर दहा ट्रॉल्या! त्या थेट ओढ्यात ओतल्यासारखंच झालं.

खड्डे : समजा खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल आहे. असे १००० खड्डे काढले तर ९१ घनमीटर माती सुटी होते. ती बांध घालून अडवली नाही तर पहिल्याच पावसात निघते.

वणवा : गवत चांगलं येतं असा समज असल्याने अनेक ठिकाणी डोंगर पेटवतात. आपल्या तालुक्यातल्या मांगरूळच्या टेकडीवर २०१७ च्या पावसाळ्यात लाखभर रोपं लावली गेली. त्यानंतर तिथे आग लागून रोपं जळाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. रोपं गेल्याचं दुःख सगळ्यांना झालं. पण आगीनंतरची राख आणि उघडी पडलेली माती पुढच्या पावसात कुठे जाते, हे कोणी विचारलं नाही.

एकाच जातीची लागवड : सागाचं पान मोठं असतं. पानावरून पडणारा थेंबही मोठा असतो. खाली गवत-झुडूप असेल तर काही बिघडत नाही. पण सागाखालची जमीन साफ केली किंवा जाळली, तर तोच थेंब माती उकरतो. म्हणजे वरून हिरवं दिसणारं रान खालून झिजत असतं.

औषधं, तेल आणि कचरा : खड्ड्यात टाकलेलं खत आणि वाळवीचं औषध, यंत्रांचं सांडलेलं डिझेल, कामगारांच्या तळाची घाण आणि रोपांच्या त्या काळ्या पिशव्या. काम ओढ्याच्या काठाशी असेल तर हे सगळं पाण्यातच जातं.

एक प्रयोग, जो सगळ्या जगाने अभ्यासला

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचं संशोधनासाठी राखलेलं जंगल आहे. तिथे शास्त्रज्ञांनी १९६५ च्या अखेरीस एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली. पण रस्ता काढला नाही, लाकडं ओढून नेली नाहीत, सगळी तिथेच पडू दिली. मग तीन उन्हाळे तणनाशक मारून तिथे काही उगवू दिलं नाही आणि ओढ्याचं पाणी तपासत राहिले.

काय आढळलं? जमीन न उकरल्यामुळे सुरुवातीला गाळ फारसा वाढला नाही. पण पाण्यातलं नायट्रेट एवढं वाढलं की ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर गेलं. कारण जे पोषणद्रव्य झाडांची मुळं शोषून घेत, ते घेणारं आता कोणी उरलं नव्हतं. पाणी दिसायला नितळ, पण बिघडलेलं!

यातून दोन धडे मिळतात. जमीन उकरली नाही तर गाळ बराच टाळता येतो. आणि ओढ्याच्या वरच्या भागात हिरवं काहीतरी राहिलंच पाहिजे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं प्रदूषण होतं.

नियम आहे, पण तो आपल्याला माहीत नाही

ही गोष्ट कळल्यावर मला फार आश्चर्य वाटलं. महाराष्ट्रात वनविभाग जंगलाच्या कामाचा अनेक वर्षांचा आराखडा करतो, त्याला 'कार्य आयोजना' म्हणतात. एखाद्या कूपात तोड करण्यापूर्वी त्या कूपाचा नकाशा करतात. त्यात २५ अंशांहून जास्त उताराची जमीन, धूप झालेली जमीन आणि नदी-नाल्यांच्या दोन्ही काठांची २० मीटरची पट्टी 'संरक्षण क्षेत्र' म्हणून वेगळी काढतात. तिथे तोड करायची नाही, माती-पाणी धरून ठेवायची कामं करायची.

किती साधा आणि शहाणा नियम! काठावरची उंबर, करंज, जांभूळ, निर्गुडी, वाळा ही मंडळी म्हणजे ओढ्याची गाळणीच. वरून येणारा गाळ त्यांच्या मुळांत आणि पाचोळ्यात अडकतो. सावलीमुळे पाणी थंड राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जो नियम जंगल तोडणाऱ्यासाठी आहे, तोच झाडं लावणाऱ्यालाही लावा. २०१६ मध्ये राज्यात २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्ष लावण्याच्या मोहिमा झाल्या. शाळा, कॉलेज, मंडळं, कंपन्या सगळे उतरले. रोपं किती लावली याचा आकडा प्रत्येकाने सांगितला. 'ओढ्यापासून किती अंतर सोडलं?' हा रकाना मात्र मी भरलेल्या एकाही अहवालात नव्हता. तो असायला हवा. आणि तो भरल्याशिवाय शाळेच्या वृक्षारोपणाला परवानगी मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग काय करायचं?

१. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना निदान २० मीटर जागेला हात लावायचा नाही. तिथलं गवत, झुडपं, पाचोळा जसाच्या तसा ठेवायचा. काठ उघडाच असेल तर जेसीबी न लावता हाताने वाळा किंवा निर्गुडी लावायची.

२. रस्ता, पायवाट, चर, सगळं उताराला आडवं घ्यायचं, उभं नाही. वाटेवर ठरावीक अंतरावर आडवा उंचवटा केला की पाणी बाजूच्या गवतात वळतं.

३. खड्ड्याची माती खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखी रचून दाबायची. गवत सगळं न काढता रोपाभोवती हातभरच काढायचं.

४. माती उकरण्याची कामं पावसाळ्याच्या आधी उरकायची. भर पावसात अवजड वाहन डोंगरावर नेऊ नये.

५. घळीत अनघड दगडी बांध घालायचे. तोडलेल्या फांद्या जाळण्यापेक्षा उताराला आडव्या रचायच्या.

६. डिझेल, खत, औषध ओढ्यापासून लांब ठेवायचं. जेवढ्या पिशव्या वर नेल्या तेवढ्या मोजून खाली आणायच्या.

७. वणव्यासाठी उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या, आणि ते काम पाड्यावरच्या लोकांना विचारून, त्यांना सोबत घेऊन करायचं. डोंगर त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नसतो.

'पण सर...' म्हणणाऱ्यांसाठी

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. "वालधुनीत रसायनं वाहतात आणि तुम्ही मातीचं काय घेऊन बसलात?" खरं आहे, रसायनांचं प्रदूषण कितीतरी भयंकर आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण त्यासाठी कोर्ट, मंडळ, मोठा पैसा लागतो. माझ्या हातात ते नाही. माझ्या हातात कुदळ आहे, आणि ती मी ओढ्यापासून किती अंतरावर मारतो हे मात्र पूर्णपणे माझ्याच हातात आहे.

दुसरा आक्षेप असा, की "असं बोललात तर लोक झाडं लावायचे थांबतील." मला तसं वाटत नाही. आपण मुलाला सायकल शिकवताना ब्रेकही दाखवतो, म्हणून मूल सायकल सोडून देत नाही. झाडं लावायचीच आहेत, पण नीट. त्या वर्षी आमची निम्मी रोपं वाहून गेली ती काठावर लावल्यामुळेच ना? म्हणजे नियम पाळला असता तर पाणीही वाचलं असतं आणि झाडंही.

वर्गात करून पाहा

प्लास्टिकच्या दोन मोठ्या बाटल्या आडव्या कापा. एकीत नुसती माती भरा. दुसरीत मातीवर गवताचा थर लावा, मुळांसकट. दोन्ही थोड्या तिरप्या ठेवा, तोंडाखाली ग्लास ठेवा आणि झारीने सारखंच पाणी घाला. दोन्ही ग्लासांतलं पाणी शेजारी शेजारी ठेवून मुलांना काहीही न सांगता फक्त बघू द्या. मग दोन्ही ग्लासांत तुरटी फिरवा आणि कोणतं पाणी आधी नितळ होतं ते घड्याळ लावून मोजायला सांगा. माझ्या वर्गात हा प्रयोग झाल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, मग आपल्या नळाला येतं ते पाणी कोणत्या बाटलीतलं?" त्या दिवशी मला वाटलं, धडा पूर्ण झाला.

मित्रांनो, या जूनमध्येही तुम्हाला वृक्षारोपणाचं निमंत्रण येईल. जरूर जा. पण कुदळ उचलण्याआधी आयोजकांना एकच प्रश्न विचारा : "इथलं पाणी खाली कुठे जातं, आणि ते कोण पितं?" उत्तर आलं नाही, तर आधी दहा मिनिटं चालत खाली जाऊन बघून या. आम्ही त्या दिवशी तेवढं केलं असतं, तर मावशींना तो प्रश्न विचारावा लागला नसता.